अँक्झायटी असताना स्कुबा: सोलापुरातून सुरुवात कशी करावी

सोलापूरहून मालवण चारशे किलोमीटरच्या आसपास. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत घाट उतरेपर्यंत अख्खा दिवस जातो. चिंताविकार असलेल्या माणसाला स्कुबातला सगळ्यात मोठा धोका मला या अंतरातच दिसतो. इतक्या लांब गेल्यावर, पैसे भरल्यावर, बरोबरची मंडळी होडीत बसल्यावर "आता आलोच आहोत तर करूनच टाक" असं सगळे म्हणतात, आणि आपणही मनातल्या मनात तेच म्हणतो. ही घाई अंगावर घेऊन पाण्यात उतरलं की घबराटीला आमंत्रण गेलंच म्हणून समजा. म्हणून बरीचशी तयारी सोलापुरातच उरकायची आणि तिथे गेल्यावर "आज नको" म्हणायला मोकळीक ठेवायची, असं माझं मत आहे. ते कसं जमवायचं ते क्रमाने सांगते.

मला बऱ्याच वर्षांपासून चिंताविकार आहे, उपचार चालू आहेत आणि मी डायव्हिंग करते. पाण्याखालची शांतता मला मनापासून आवडते. तुम्हालाही ती मिळावी असं वाटतं, पण सुरक्षितपणे.

आधी डॉक्टर

चांगली डायव्हिंग शाळा पाण्यात उतरवण्याआधी वैद्यकीय प्रश्नावली भरून घेते. जगभर बहुतेक ठिकाणी एकच नमुना चालतो आणि तो इंटरनेटवर फुकट मिळतो. दमा, हृदय, कान, फिट्स यांच्याबरोबर त्यात मानसिक आजारांचेही प्रश्न आहेत, पॅनिक अटॅकचा, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र घबराटीचा, तर नाव घेऊन उल्लेख आहे. त्यांना "हो" म्हटलं की डॉक्टरांची तपासणी आणि सही लागते. हे टाळायला बरेच जण सगळीकडे "नाही"वर खूण करून मोकळे होतात. कृपा करून तसं करू नका. पाण्याखाली तुम्हाला सांभाळणाऱ्या माणसाला तुमच्याबद्दल जे कळायला हवं, ते कळायची हीच एक जागा आहे.

प्रश्नावली डॉक्टरांच्या पानासकट छापून घ्या आणि तुमचे उपचार जिथे चालू आहेत त्या मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. उपचार अजून सुरूच केले नसतील तर सिव्हिल हॉस्पिटलपासून सुरुवात करता येईल. आधी फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. समुद्रापासून इतक्या लांबच्या डॉक्टरांसमोर डायव्हिंगचा कागद क्वचितच येतो, तेव्हा मुद्दे आपणच काढायचे.

पहिला मुद्दा आजाराच्या सद्यस्थितीचा. डायव्हिंगच्या वैद्यकीय सूचनांमध्ये उपचार न घेतलेला पॅनिक डिसऑर्डर गंभीर धोक्यांत धरला आहे, बंद जागेची भीतीही त्यातच आहे. उपचारांनी स्थिरावलेल्या माणसाचा विचार वेगळा होतो, डॉक्टर एकेकाचं पाहून ठरवतात. अलीकडे अटॅक येत असतील किंवा औषधाचा डोस नुकताच बदलला असेल तर यंदाचा हंगाम सोडून द्या. समुद्र पुढच्या वर्षीही तिथेच आहे.

दुसरा मुद्दा औषधांचा, आणि तो नीट बोलून घ्या. ज्या गोळ्यांनी गुंगी येते, उदाहरणार्थ अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, त्या घेऊन डायव्हिंग करायचं नसतं. खोल पाण्यात श्वासातल्या हवेतल्या नायट्रोजनमुळेही डोकं जड होतं, त्यात गुंगीची भर पडली की निर्णय चुकतात. धडधड कमी करायला दिलेल्या प्रोप्रॅनोलॉलने मेहनत झेपण्याची ताकद घटते आणि दम्याची प्रवृत्ती असेल तर श्वासनलिका आवळू शकतात. बुप्रोपिऑनने फिट येण्याची शक्यता वाढते, आणि पाण्याखाली फिट म्हणजे जिवावरचं. चिंता आणि नैराश्यावर रोज घेण्याच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या काही महिने त्याच डोसवर असतील आणि प्रकृती ठीक असेल, तर डॉक्टर बऱ्याचदा परवानगी देतात. सहलीसाठी म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणं मात्र सगळ्यात वाईट. आणखी एक, घाटात लागू नये म्हणून आपण अ‍ॅव्होमिन घेतो, तिनेही झोप येते. होडीवर मळमळ झाली तर काय घ्यायचं, हे त्याच भेटीत विचारून ठेवा.

घबराट पाण्याखाली वेगळी का वागते

हे समजून घेतल्याचा मला जितका उपयोग झाला तितका दुसऱ्या कशाचाच झाला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जमिनीवर अटॅक आला की श्वास भराभर चालतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, हातापायांना मुंग्या येतात, गरगरतं. पाण्याखाली बऱ्याचदा उलटं घडतं. तोंडात रेग्युलेटर, म्हणजे सिलेंडरमधली हवा श्वासापुरती देणारं उपकरण असतं, दाबामुळे हवा दाट झालेली असते. अशात वरवरचे छोटे श्वास घेतले तर ताजी हवा फुप्फुसात खोलवर पोहोचत नाही आणि कार्बन डायऑक्साइड आत साठत जातो. तो साठला की मेंदू एकच ओरड करतो: हवा कमी पडतेय. सिलेंडर भरलेला असतो, रेग्युलेटर मागाल तेवढी हवा देत असतो, तरी कोंडल्यासारखं होतं. त्या क्षणी माणूस तोंडातला रेग्युलेटर काढून टाकतो नाहीतर जीव खाऊन वर धावतो. दोन्ही घातक.

वर धावणं का घातक? दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होऊ पाहते. श्वास रोखून वर आलात तर फुप्फुसाला इजा होते, हवेचा बुडबुडा रक्तात शिरू शकतो. उथळ पाण्यातही हे घडू शकतं. म्हणून स्कुबाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही.

आपल्याकडे विहिरीत कमरेला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांनी हे जास्तच लक्षात ठेवावं. सूर मारायचा, श्वास रोखून तळ गाठायचा आणि मूठभर माती घेऊन वर यायचं, ही सवय हाडात भिनलेली असते. पोहणाऱ्याला स्कुबा सोपं जातं हे खरं, पण ही एक सवय मुद्दाम मोडावी लागते.

यावरचा उपाय म्हणजे लांब उच्छ्वास. घ्यायच्या श्वासाकडे लक्ष देऊ नका, सोडायच्या श्वासाकडे द्या. तो पूर्ण आणि सावकाश सोडला की पुढचा आपोआप खोल येतो. भीती वाटते ती आपल्यालाच, असंही समजू नका. अमेरिकन संशोधक विल्यम मॉर्गन यांनी डायव्हरांमधल्या घबराटीचा अभ्यास केला, त्यात निम्म्याहून अधिक जणांनी पाण्याखाली कधी ना कधी घबराट किंवा तिच्या जवळपासचा अनुभव आल्याचं सांगितलं होतं.

परातीपासून तलावापर्यंत

चांगला मास्क (डोळे आणि नाक झाकणारा काचेचा) आणि स्नॉर्केल (तोंडात धरून श्वास घ्यायची नळी) विकत घ्या. भाड्याचं चालतं, पण सरावाला आपलं असलेलं बरं. मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. मिश्या असतील तर थोडं पाणी झिरपतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो.

आता घरी. मोठी परात किंवा पसरट घमेलं पाण्याने भरून टेबलावर ठेवा. घरातलं कुणीतरी त्याच खोलीत असू द्या. मास्क न लावता फक्त स्नॉर्केल तोंडात धरा, चेहरा पाण्यात घाला आणि तोंडाने श्वास घ्या. नाक उघडं आणि पाण्यात. पहिल्याच श्वासाला घसा आवळतो, मान झटक्यात वर येते. येऊ द्या. नाकपुड्यांशी पाणी आलं की शरीर असंच वागतं. चेहरा पुसा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा घाला. सोडताना नळीतून "हूऽऽ" असा आवाज ऐकू येईल इतकं सावकाश सोडा. काही दिवसांत तो घशाचा आवळ सैल पडतो. नाकाशी पाणी असताना तोंडाने श्वास चालू ठेवता येणं, एवढं एक कौशल्य हातात आलं की मास्कमध्ये पाणी शिरण्याची भीती निम्मी होते, आणि नवखे सगळ्यात जास्त घाबरतात ते त्यालाच.

मग जलतरण तलाव. सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळच्या बॅचेस भरून वाहतात, म्हणून गर्दी कमी असते ती वेळ विचारून घ्या. तिथल्या प्रशिक्षकांना आणि जीवरक्षकांना काय करताय ते सांगा. पाय टेकतील अशा पाण्यात काठ धरून आधी स्नॉर्केल, मग मास्कसकट, मग मास्क थोडा उचलून आत पाणी घ्यायचं आणि नाकाने फुंकून बाहेर काढायचं. पोहता येत नसेल तर आधी पोहणं शिका. पर्यटकांच्या डायव्हला ते लागत नाही असं सांगतात आणि ते खरंही आहे, पण पाण्यावर दहा मिनिटं निवांत तरंगता येणाऱ्या माणसाच्या मनाला एक आधार असतो. डायव्हिंगच्या पहिल्या पूर्ण कोर्सला तर २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं लागतंच.

दोन गोष्टी करू नका. श्वास किती वेळ रोखता येतो याचा सराव तलावात करायचा नाही, त्यात शुद्ध हरपून माणसं बुडतात. आणि हिप्परगा तलावाच्या किंवा उजनी धरणाच्या पाण्यात स्नॉर्केल घेऊन उतरायचं नाही. गढूळ पाणी, गाळ, शेवाळ, जवळ जीवरक्षक नाही.

पुण्यात काही डायव्हिंग शाळा तलावात सिलेंडरसकट पहिले धडे देतात. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री घरी येता येतं. समुद्र, होडी, लाटा, मासळीचा वास, अनोळखी माणसं हे सगळं वजा करून फक्त रेग्युलेटरशी ओळख होते. जमत असेल तर हा टप्पा गाळू नका.

कुणाबरोबर उतरायचं

मालवण-तारकर्लीला किनाऱ्यावर उभं राहिलं की पाच मिनिटांत कुणीतरी स्कुबाचं पॅकेज घेऊन येतं. होडीत बसवतात, दहा मिनिटांत माहिती सांगतात, तिथेच पाण्यात उतरवतात, इन्स्ट्रक्टर मागून सिलेंडर धरून फिरवतो, फोटो निघतात. अनेकांना त्यात आनंद मिळतो. अँक्झायटी असलेल्या नवख्या माणसाला मी हा मार्ग सुचवणार नाही. रांगेतले पुढचे लोक वाट पाहत असतात आणि तुम्हाला लागतो तो वेळ तिथे कुणाकडेच नसतो.

घरूनच फोन करा. इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचं आहे, आधी तलावात किंवा कमरेएवढ्या पाण्यात सराव घेणार का, एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, होडीवर ऑक्सिजन आहे का, खाली उतरताना धरायला दोर असतो का, हे विचारा. मग सरळ सांगा: मला अँक्झायटी आहे, उपचार चालू आहेत, डॉक्टरांचं पत्र आहे, मला एकट्याला इन्स्ट्रक्टर हवा. पलीकडून "अहो ताई, काही होत नाही, सगळे करतात" असं आलं तर दुसरीकडे फोन लावा. "अटॅक येतो तेव्हा तुम्हाला नेमकं काय होतं?" असा उलट प्रश्न आला, तर योग्य माणूस भेटला. तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिच्याकडे शिकवण्यासाठी खास तलाव आहे, तिथेही चौकशी करा. पावसाळ्यात डायव्हिंग बंद असतं. पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळतं ते साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. दिसणं महत्त्वाचं आहे, कारण गढूळ पाण्यात बंद खोलीत असल्यासारखं वाटतं.

जाण्याचं गणित

मालवणात किमान तीन रात्री काढा. रात्रभर प्रवास करून सकाळी डायव्ह, असं अजिबात नको. अपुरी झोप ही अँक्झायटीची जुनी मैत्रीण. पहिला दिवस आरामाचा आणि फक्त समुद्र बघायचा. दुसऱ्या दिवशी तलाव किंवा उथळ पाणी. डायव्ह तिसऱ्या दिवशी, तीही जमली तर. पैसे देतानाच विचारून घ्या की आयत्या वेळी नको म्हटलं तर किती परत मिळतील. जे परत मिळणार नाहीत ते गेले असं घरीच ठरवून टाका, म्हणजे होडीत बसल्यावर तो हिशोब डोक्यात येणार नाही. बरोबर येणाऱ्यांनाही निघण्याआधी सांगा की तुम्ही काठावरूनच परत फिरण्याची शक्यता आहे, आणि तसं झालं तर कुणी आग्रह करायचा नाही.

डायव्हच्या दिवशी

सकाळी हलकं खा. चहा-कॉफी कमी, कारण धडधड आधीच जास्त असते. आदल्या रात्री दारू नाही. होडीत लाइफ जॅकेट घालूनच बसा. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कुबाहून परतणारी पर्यटकांची होडी उलटून माणसं दगावली आहेत.

वेटसूट, म्हणजे डायव्हिंगचा रबरी पोशाख, छातीवर घट्ट बसतो आणि उन्हात त्यात जीव उकडतो. उकाड्याने हृदय जोरात धडधडतं आणि आपल्याला वाटतं अटॅक येतोय. सूट कमरेपर्यंतच चढवून बसा, वरचा भाग पाण्यात उतरायच्या आधी घाला, मानेवर पाणी मारत राहा. गळ्याशी फार आवळत असेल तर मोठं माप मागा, संकोच करू नका.

खुणा होडीतच पक्क्या करा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक. पंजा आडवा धरून हलवला म्हणजे काहीतरी बिनसलंय. अंगठा वर म्हणजे "वर चला". आपण एरवी छान म्हणायला अंगठा दाखवतो, त्यामुळे इथे हमखास गोंधळ होतो. इन्स्ट्रक्टरबरोबर एक जादा खूण ठरवा, माझी अशी आहे: तळहात छातीवर ठेवला की "वर नको, इथेच थांब, माझ्याकडे बघ". ही खूण आहे एवढ्यानेच पुष्कळ धीर येतो. आणि अंगठा वर केला की इन्स्ट्रक्टर कारण न विचारता वर नेईल, हे त्याच्या तोंडून वदवून घ्या.

पाण्यात उतरल्यावर लगेच खाली जायचं नाही. पृष्ठभागावर तरंगत, रेग्युलेटर तोंडात ठेवून चेहरा पाण्यात घाला आणि श्वास आपल्या लयीत येईपर्यंत तिथेच राहा. त्याला दोन मिनिटं लागोत की पंधरा. मग दोर धरून, पाय खाली ठेवून, थोडं थोडं उतरा. कान दुखायच्या आधीच नाक चिमटीत धरून हलकं फुंका. नाही मोकळे झाले तर हातभर वर या.

भीती आली तर पहिली गोष्ट म्हणजे हालचाल थांबवायची. दोर किंवा इन्स्ट्रक्टरचा हात धरा. नजर एका जवळच्या वस्तूवर ठेवा, दोराची वीण, स्वतःचं घड्याळ, काहीही. लांब सोडा, संपूर्ण सोडा, पुन्हा सोडा. तेवढ्याने ओसरलं तर थांबा किंवा पुढे जा. नाही ओसरलं तर अंगठा वर, आणि इन्स्ट्रक्टरबरोबर सावकाश, श्वास चालू ठेवून वर. खोकला आला, उलटी झाली तरी ती रेग्युलेटरमधूनच करता येते, तो तोंडातून काढायचा नाही. पृष्ठभागावर आल्यावरही डायव्हिंगच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून नीट तरंगेपर्यंत तो तोंडातच राहू द्या.

दोन मीटरवरून परत आलात तरी ती डायव्हच आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर बसून, काय होत असताना भीती चढली आणि कशाने उतरली, एवढं लिहून ठेवा. पुढच्या वेळी डॉक्टरांना आणि इन्स्ट्रक्टरला दाखवायला तेच कामाला येतं.

परतीचा घाट

डायव्हनंतर लगेच विमानात बसायचं नसतं हे पुष्कळांना माहीत असतं, घाटाचं मात्र फारसं कुणी सांगत नाही. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर आहे, सोलापूर साडेचारशेच्या वर. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि त्याआधी उंचीवर गेलं की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. सहाशे मीटरच्या पुढच्या उंचीसाठी डायव्हरांचा नियम असा की एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि एकापेक्षा जास्त डायव्ह झाल्या असतील तर १८ तास थांबायचं. उथळ डायव्हला धोका कमी असतो, तरी रात्र मालवणातच काढून दुसऱ्या दिवशी निघा.

पुढच्या दिवसभरात सांधे दुखले, हातापायांना मुंग्या आल्या, बधिरपणा किंवा अतोनात थकवा वाटला तर "माझी नेहमीची अँक्झायटी असेल" म्हणून झोपून जाऊ नका. आपल्या आजारातही मुंग्या येतात, त्यामुळे आपल्याकडून ही गल्लत होण्याची भीती जास्त. इन्स्ट्रक्टरला फोन करा, जवळच्या हॉस्पिटलात जा, काल किती वाजता आणि किती खोल डायव्ह केली ते सांगा आणि ऑक्सिजन मागा.